वऱ्हाडचे साहित्यपरीक्षक

कापसाचा धागा ओढून पाहिल्याखेरीज आमचा व्यापारी सौदा करीत नाही. पण तोच गृहस्थ पुस्तक मात्र ग्रंथकाराचे नाव ऐकून विकत घेतो, किंवा न वाचताच टाकाऊ ठरवितो. वाङ्मयाचीही पारख करावी लागते आणि ती उघडपणे करण्यात कोणाचा अपमान नाही, ही गोष्ट मराठी वाचकांच्या गळी ज्यांनी उतरविली, त्यांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांची गणना अग्रभागी करावी लागेल. या मनुष्याचे आयुष्य आमच्या वऱ्हाडात गेले, याचे स्मरण अमरावती-अकोल्याच्या वाचकांस असावे तितके दिसत नाही.

कोल्हटकरांचा जन्म 1871 सालचा. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन व पुढे कायद्याची परीक्षा उतरून त्यांनी अकोल्यास वकिली मांडली. नंतर खामगाव आणि पुढे जळगाव-जामोद अशी त्यांची बिऱ्हाडे झाली. वकील होण्यापूर्वीच, 1893 साली, ‘विक्रमशशिकला’ नाटकावरील त्यांची टीका ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात आली व तेथून त्यांच्या लेखणीकडे लोकांचे लक्ष गेले. पॅरिस शहरात सेंत-बव्ह या टीकाकाराचा लेख 1849 पासून दर सोमवारी दैनिकात येई आणि शहरातील सुशिक्षित त्याची वाट पाहात. आमच्या वकिलास असे दैनिक नव्हते, असे शहरही नव्हते. अशिलांची कामे संभाळून उरलेल्या वेळात मासिकासाठी लिहावयाचे, एवढेच त्यांचे साधन.

त्यांची परीक्षणे म्हणजे दोन ओळींचा अभिप्राय नव्हे. कथानकाची जुळणी, पात्रांच्या स्वभावातील संगती, प्रसंगांची संभवनीयता, भाषेचा डौल, असे एकेक अंग घेऊन साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसे ते ग्रंथ तपाशीत. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ आणि वामन मल्हार जोशी यांची ‘रागिणी’ या कृतींवरील त्यांचे लेख आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. लेखकाची प्रतिष्ठा पाहून तराजूत हात घालावा, ही आमच्याकडील जुनी खोड. तिला या वकिलाने थारा दिला नाही.

‘मूकनायक’ नाटकात मद्यपानाचा व ‘मतिविकारा’त विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनी रंगभूमीवर आणला. ‘सुदाम्याच्या पोह्यां’तून तर आमच्या रूढींची व भाबड्या आचारांची अशी थट्टा झाली की, ज्यांची थट्टा तेच हसू लागले. ‘वीरतनया’ची पदे त्या काळी नवीन वळणाची म्हणून लोकांच्या तोंडी बसली. तथापि आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते की, नाटककार कोल्हटकरांस टीकाकार कोल्हटकर फारसे भेटलेच नाहीत. वेषांतरे, गुपिते, कोटीवर कोटी! दुसऱ्याच्या नाटकात हे दिसते तर त्यांनी सोडले नसते. ही नाटके रंगभूमीवरून मागे पडली, यात नवल नाही.

पण शिष्य कोणते लाभले पाहा. राम गणेश गडकरी त्यांस गुरू मानीत, वि. स. खांडेकरांचीही तीच भावना. ज्योतिर्गणितावर 1913 साली ग्रंथ लिहिण्याइतका त्यांचा व्यासंग विस्तृत होता. 1927 साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाने त्यांस अध्यक्षपद दिले, तेव्हा पुण्यासच वऱ्हाडातील वकिलास बोलवावे लागले. गडकरी 1919 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सावनेरास वारले. गुरू त्यांच्यामागे पंधरा वर्षे राहून 1 जून 1934 रोजी निवर्तले.