तिजोऱ्या उघडणारा फाइनमन

फाइनमन म्हटलं की बहुतेकांना लायब्ररीतले लेक्चर्सचे ते तीन खंड आठवतात. मला मात्र तो आठवतो लॅबमध्ये, मॉनिटरवर कुणी पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली दिसली की.

रिचर्ड फाइनमन १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. पोरवयातच लोकांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायचा. एमआयटी, प्रिन्स्टनची पीएचडी आणि १९४३ मध्ये थेट लॉस अलामॉस, जिथे अणुबॉम्ब तयार होत होता. बायको आर्लीन क्षयाने आजारी, अल्बुकर्कच्या दवाखान्यात. १९४५ च्या जूनमध्ये ती गेली.

बॉम्बची गुपितं आकड्यांच्या कुलपांच्या कपाटांत असत. दोन-दोन अंकांचे तीन आकडे, म्हणजे दहा लाख शक्यता! पण साहेबांनी स्वतःचंच कुलूप खोलून पाहिलं. आकडा दोन घरं चुकला तरी ते उघडतं, म्हणजे खऱ्या शक्यता आठच हजार. त्यातून कुणाचं कपाट उघडं असलं की हा गप्पा मारता मारता तबकडी फिरवून शेवटचे दोन आकडे काढून घ्यायचा. उरले जेमतेम वीस प्रयत्न!

ओक रिजच्या एका कर्नलची तिजोरी त्याने अशीच उघडून दाखवली आणि कपाटं उघडी ठेवू नका म्हणून बजावलं. कर्नलने काय करावं? फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेला, त्यांनी आकडे बदलावेत असा फतवा काढला. कपाटं उघडीच! (आपल्याकडच्या नोटिसा आठवल्या ना?)

युद्धानंतर द हॉफमन नावाच्या सहकाऱ्याची नऊ कपाटं त्याला हवी होती. सेक्रेटरीच्या टेबलात पायची किंमत लिहिलेला कागद दिसला. पाय लावून पाहिला, नाही लागला. मग ई: २७-१८-२८. खट्! दुसऱ्या कपाटालाही तोच आकडा. गणितवाल्याला ई म्हणजे आपल्याला जन्मतारीख.

आणखी एक मोठी तिजोरी तिथल्या कुलूपवाल्याने उघडली. हा भलताच उस्ताद दिसतो म्हणून फाइनमनने त्याच्याशी दोस्ती केली, तर कळलं की त्याने फक्त कारखान्यातून येणारा आकडा लावून पाहिला होता. मालकाने तो कधी बदललाच नव्हता. मग फाइनमनने बाकीची कपाटं तपासली. पाचातलं एक तशाच आकड्याने उघडलं! वाय-फायच्या डब्याचा पासवर्ड 'अॅडमिन' ठेवणाऱ्या आपल्या विंगला हे सांगायलाच हवं.

पुढे कॉर्नेल, कॅलटेक, १९६५ चं नोबेल. १९८६ मध्ये चॅलेंजरच्या चौकशीत त्याने रबराची रिंग बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवली. १५ फेब्रुवारी १९८८ ला कॅन्सरने तो गेला.