पगाराची तारीख मागणारे नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या अमडापूरच्या शिवारात कापूस पिकतो. वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आणली. त्याच काळात मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या. त्या गिरण्यांत राबणाऱ्यांची पहिली संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे आपल्या तरुणांना माहीत असायला हवेत, असे आम्हाला वाटते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे ते सहकारी. १८८० पासून त्यांनी मुंबईतून 'दीनबंधू' चालवले.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, जखमी कामगाराला बरे होईपर्यंत पगार, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

शेवटची मागणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पगार लांबला की वाण्याची उधारी वाढते, सावकाराचे व्याज चढते. मग हातात आलेला पगार घरी पोहोचण्याआधीच संपतो. लोखंडेंनी मजुरीचा आकडा पाहिला, तशी चूलही पाहिली. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

तरीही एक दार बंदच राहिले. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. म्हणजे जात थेट घरखर्चात उतरत होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. लोखंडेंचे काम पुढे न्यायचे, तर हा धडा सोडून चालणार नाही.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगग्रस्तांची सेवा करताना, लोखंडे प्लेगनेच गेले. पुढे १९३६ च्या कायद्याने पगाराची मुदत ठरली : पुढच्या महिन्याची ७ किंवा १० तारीख. तरी आमच्या भागातून वीटभट्टीवर, कंत्राटी कामावर जाणारी कुटुंबे आजही उचल घेऊन निघतात आणि हिशेबाची वाट पाहत बसतात. कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून एवढे तरी विचारावे : कामाला किती जातीची माणसे आहेत, कोणाला कोणते काम मिळते, आणि पगार कोणत्या तारखेला हातात पडतो?