पॉल एर्लिख : सोमलातून औषध घडवणारा शास्त्रज्ञ

चौथीत माझ्या वर्गात असलेली काही मुलं आता डी.फार्मसीला आहेत. मेडिसिनल केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की रिसेप्टर, फंक्शनल ग्रुप, थेराप्युटिक इंडेक्स, प्रोड्रग असे शब्द अंगावर येतात, ही त्यांची नेहमीची तक्रार. मी फार्मसी शिकवत नाही. पण या कल्पना ज्याच्या कामातून वाढल्या त्या माणसाचं आयुष्य कळलं, तर त्या घोकाव्या लागणार नाहीत असं मला वाटतं. म्हणून आज पॉल एर्लिख यांच्याविषयी.

पॉल यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी सायलेशिया प्रांतातल्या स्ट्रेलेन गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा प्रशियात होता, आता पोलंडमध्ये आहे. त्यांच्या आईचा भाचा कार्ल वायगर्ट हा रोगनिदानशास्त्रज्ञ होता. त्या काळात कोळशाच्या डांबरापासून ॲनिलीनचे रंग बनू लागले होते. ते खरे कापड रंगवायला, पण वायगर्ट त्यांनी जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. पॉलला हाच नाद लागला. 1878 साली लाइपझिगला डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला तोही पेशी रंगवण्यावरच.

इथे एक साधा प्रश्न आहे. एका पातळ कापावर रंग ओतला, तर एक पेशी रंगते आणि शेजारची कोरी राहते. असं का? बाकीचे लोक ही सोय म्हणून वापरत होते, एर्लिख मात्र त्या 'का'ला चिकटून बसले. त्यांचा विचार असा होता, की रंगाच्या रेणूत आणि पेशीत काहीतरी जुळतं, म्हणून रंग तिथे बसतो. मग जो पदार्थ जंतूला चिकटेल पण माणसाच्या पेशीला चिकटणार नाही, त्याला विषारी भाग जोडला तर? मरेल तो फक्त जंतू. यालाच पुढे जादूची गोळी हे नाव पडलं.

मेथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या परजीवीला चांगला धरतो हे दिसल्यावर 1891 साली बर्लिनमध्ये त्यांनी आणि गुटमान यांनी तो दोन रुग्णांना देऊन पाहिला. रुग्णांना गुण आला. क्विनाइनपुढे तो टिकला नाही, पण कारखान्यात बनलेला रंग औषध होऊ शकतो हे कळलं. त्याआधी एर्लिख यांना स्वतःलाच क्षय झाला होता, हवापालटासाठी ते इजिप्तला जाऊन आले. परतल्यावर घटसर्पाच्या प्रतिविषाची ताकद अचूक मोजायची पद्धत त्यांनी बसवली. त्याच कामातून 1897 साली 'साइड चेन'चा सिद्धांत आला : पेशीवर ठरावीक घडणीच्या साखळ्या असतात आणि विषाचा रेणू त्यांनाच येऊन बसतो. या साखळ्यांना ते पुढे रिसेप्टर म्हणू लागले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लँगली हेही वेगळ्या वाटेने अशाच कल्पनेपाशी पोचले. 1908 चं नोबेल एर्लिख यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं. औषधाचं मोठं काम अजून पुढेच होतं!

1899 पासून ते फ्रँकफर्टला होते. गेऑर्ग श्पायर या बँकरच्या विधवेने दिलेल्या पैशातून तिथे खास औषधसंशोधनासाठी संस्था उभी राहिली. एर्लिख दिवसभर सिगार ओढत आणि रोज सकाळी रंगीत चिठ्ठ्यांवर प्रत्येकाचं काम लिहून देत.

शिगा या जपानी सहकाऱ्याबरोबर त्यांनी आधी ट्रायपॅनोसोम नावाच्या परजीवीवर रंग तपासले. एक रंग पाण्यात नीट विरघळत नव्हता. त्याला सल्फोनिक आम्लाचा आणखी एक गट जोडल्यावर तो विरघळला आणि आजारी उंदीर बरे झाले. हा ट्रिपॅन रेड, 1904. फंक्शनल ग्रुप बदलला की औषधाचं वागणं बदलतं, ते असं.

मग आलं ॲटॉक्सिल, म्हणजे आर्सेनिकचं संयुग. आर्सेनिक म्हणजे आपल्याकडच्या सोमलातलं विषारी मूलद्रव्य. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ॲटॉक्सिल लागू पडत होतं, पण काही रुग्णांची दृष्टी जात होती. त्याची जी रचना पुस्तकात छापलेली होती, तीत बदल करायला वावच नव्हता. एर्लिख यांना ती पटेना. 1907 साली त्यांनी आणि आल्फ्रेड बर्टहाइम या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं, की रेणूत अमिनो गट मोकळा आहे. मोकळा गट म्हणजे खुंटीच. तिला हवं ते टांगून पाहता येतं. शेकडो संयुगं बनली. ॲटॉक्सिल परीक्षानळीत परजीवीला मारत नाही, शरीरात मात्र मारतं, याचंही कोडं त्यांनी सोडवलं : पाच संयुजेचं आर्सेनिक शरीरात तीन संयुजेचं होतं आणि तेच खरं काम करतं. प्रोड्रग यापेक्षा वेगळा काय असतो!

प्रत्येक संयुगासाठी ते दोन आकडे काढत : किती मात्रेत रोग बरा होतो आणि किती मात्रा प्राण्याला सोसते. समजा एक औषध 2 मिलिग्रॅमला बरं करतं आणि 20 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं, तर दहापट जागा मिळाली. दुसरं 2 ला बरं करतं पण 3 च्या पुढे सोसत नाही, तर ते कितीही गुणकारी असो, बाजूला. थेराप्युटिक इंडेक्सचं मूळ इथे आहे.

606 क्रमांकाचं संयुग 1907 मध्येच तयार झालं होतं. एका सहायकाने ते निरुपयोगी ठरवून टाकलं आणि बाटली पडून राहिली. 1909 साली जपानहून साहाचिरो हाता आले. सशांना उपदंशाची लागण कशी करायची हे त्यांना येत होतं. या रोगाला आपल्याकडे गरमी म्हणतात, भावप्रकाश ग्रंथात तो फिरंग रोग म्हणून येतो. त्यावर तोवर उपाय म्हणजे पारा, आणि पाऱ्याने दात, हिरड्या, मूत्रपिंड सगळंच जायचं. एर्लिख यांनी जुनी संयुगं हातांना पुन्हा तपासायला लावली. 606 ने सशांचे व्रण भरून आले. हाता यांचं नाव पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

एप्रिल 1910 मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि जगभरचे डॉक्टर औषध मागू लागले. विक्रीआधी सुमारे 65,000 मात्रा फुकट वाटल्या गेल्या. वर्षाच्या शेवटी होक्स्ट कंपनीने ते साल्वरसान नावाने बाजारात आणलं. पण ते वापरायला फार अवघड होतं. हवा लागली की पिवळी पूड बिघडून जास्त विषारी व्हायची, म्हणून ती बंद कुपीत यायची. द्रावण आम्लधर्मी, ते सोडियम हायड्रॉक्साइडने बेतानं उदासीन करून टोचायचं. जरा चूक झाली की रुग्णाच्या जिवावर बेतायचं. काही रुग्ण दगावलेही. एर्लिख वाईट परिणामाची प्रत्येक बातमी मागवून घेत, कारण शोधत. 1912 साली 914 क्रमांकाचं निओसाल्वरसान आलं. ते पाण्यात सहज विरघळायचं, पण गुणाला थोडं कमी होतं.

गंमत म्हणजे साल्वरसानची एर्लिख यांनी मांडलेली रचनाही बरोबर नव्हती. त्यात आर्सेनिकच्या तीन आणि पाच अणूंची कडी असतात हे 2005 साली दिसून आलं. औषध मात्र चाललं, पेनिसिलिन येईपर्यंत. त्याच वाटेने कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी आर्सेनिकऐवजी अँटिमनी घेऊन काळा आजारावर युरिया स्टिबामिन बनवलं. आवर्तसारणीत अँटिमनी आर्सेनिकच्या खालीच आहे, बघा.

औषधाने माणसं मारली, पैशासाठी हे केलं, असे आरोप एर्लिख यांच्यावर होत राहिले. 1914 साली फ्रँकफर्टच्या कोर्टात त्यांना साक्षीला उभं राहावं लागलं. आरोप करणाऱ्याला कैद झाली, पण एर्लिख यांची तब्येत खालावली. त्याच ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच सैन्यात गेलेला बर्टहाइम अपघातात गेला. 20 ऑगस्ट 1915 रोजी बाड होम्बुर्ग इथे एर्लिख वारले. फ्रँकफर्टमधल्या एका रस्त्याला त्यांचं नाव दिलेलं होतं. ते ज्यू होते म्हणून नाझींनी 1938 साली ते नाव काढून टाकलं. युद्धानंतर ते पुन्हा लागलं.