५०० रुबलच्या धोक्यासाठी ८०० रुबल का मोजायचे? बर्नोलीने हे गणित १७३८ मध्येच मांडलं होतं

ऑफिसच्या कॉम्प्युटरला सिक्युरिटी बसवायची म्हटली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. खर्च किती, आणि आजवर आपलं गेलंय किती?

प्रश्न चुकीचा नाही. पण नुसत्या गुणाकाराने त्याचं उत्तर मिळत नाही, हे डॅनियल बर्नोलीने १७३८ मध्ये दाखवून दिलं. हो, फिजिक्सच्या पुस्तकात भेटतो तोच बर्नोली.

डॅनियलचा जन्म १७०० सालचा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. घराणं मात्र स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं. वडील योहान आणि काका याकोब, दोघंही नावाजलेले गणिती. तरी पोराने गणितात पडू नये असं वडिलांना वाटायचं. आधी व्यापारात घालायचा प्रयत्न झाला, मग डॉक्टरकी. १७२१ मध्ये डॅनियल डॉक्टर झाला, पण गणित काही सुटलं नाही.

१७२५ मध्ये मोठा भाऊ निकोलससोबत तो रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला. वर्षभरात भाऊ वारला. पुढे लिओनार्ड ऑयलर तिथे आला आणि दोघांची जोडी जमली. १७३३ मध्ये डॅनियल बाझेलला परतला.

मग झाला घरातच राडा. पॅरिसच्या अकादमीचं १७३४ चं बक्षीस बापलेकांना वाटून मिळालं. पोरगा आपल्या बरोबरीला बसला हे वडिलांना सहन झालं नाही. दोघांचं बिनसलं ते बिनसलंच.

१७३८ मध्ये डॅनियलचं पाण्याच्या प्रवाहावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्याच वर्षी पीटर्सबर्गच्या अकादमीने त्याचा धोक्यावरचा लेख छापला. त्यातलं उदाहरण असं.

एका व्यापाऱ्याचा १०,००० रुबलचा माल ॲमस्टरडॅमहून पीटर्सबर्गला जहाजाने यायचाय. १०० पैकी ५ जहाजं बुडतात. म्हणजे सरासरी तोटा ५०० रुबल. विमावाला मागतोय ८००.

साध्या हिशोबाने सौदा ३०० रुबलने महाग. मग विमा घ्यायचा नाही?

बर्नोली म्हणतो, आधी व्यापाऱ्याकडे बाकी किती पैसे आहेत ते बघा. खिशात कमी असताना गेलेला रुबल जास्त दुखतो. त्याने आकडाच काढून दिला. या मालाशिवाय ५,०४३ रुबलपेक्षा कमी असतील तर विमा घेण्यातच शहाणपण, जास्त असतील तर धोका पत्करावा. आणि ८०० रुबलमध्ये हा विमा देणाऱ्याकडेही किमान १४,२४३ रुबल हवेत, नाहीतर त्याने या धंद्यात पडू नये. सगळा माल एकाच जहाजात भरू नका, हेही त्याने आकड्यांनी पटवून दिलं.

आता हेच आजच्या भाषेत बघा. डेटा गेला तर नुकसान १० लाख. असं २० वर्षांतून एकदा होईल असा अंदाज. म्हणजे वर्षाला सरासरी ५०,००० चा तोटा. बंदोबस्ताचा खर्च वर्षाला ८०,०००. मोठी कंपनी १० लाखांचा फटका पचवू शकते, तिला हा खर्च महाग पडेल. पण त्याच फटक्याने ज्याच्या दुकानाला टाळं लागेल, त्याच्यासाठी ८०,००० स्वस्तच. फक्त तो बंदोबस्त खरंच नुकसान टाळतो का, हे आधी तपासायचं. अर्धंच टाळत असेल तर फायदाही अर्धाच धरायचा.

१७६० मध्ये डॅनियलने हाच विचार माणसाच्या जिवाला लावला. तेव्हा देवीच्या रोगाने हजारो माणसं मरायची. देवी काढून घेतल्या तर त्यातूनही काही जण दगावायचे. त्याने हा धोका २०० मध्ये १ धरला, आणि तरीही सगळ्यांनी देवी काढल्या तर सरासरी आयुष्य सुमारे ३ वर्षांनी वाढेल असा हिशोब मांडला. यावर फ्रान्सच्या दालांबेरने हरकत घेतली. आज मरण्याची भीती आणि कधीतरी पुढे मिळणारी वर्षं, माणूस एका तराजूत तोलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो मुद्दाही खोटा नव्हता.

१७८२ मध्ये बाझेलमध्ये डॅनियल गेला.

त्यामुळे पुढच्या वेळी बॅकअपचा किंवा विम्याचा खर्च जड वाटला, तर दोन प्रश्न विचारा. वर्षाला सरासरी किती जाईल? आणि एकदम गेलं, तर मी उभा राहीन का?