टीव्हीचा ब्राइटनेस लावताना आपण जी परीक्षा देतो, तिचं गणित मांडणारा माणूस तीन वर्षं अंधारात बसून होता

रेसिंग गेम खेळणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. उन्हातला ट्रॅक एकदम भारी दिसतोय, गाडी दोनशेच्या वर आहे आणि तेवढ्यात बोगदा येतो. टीव्हीवर नुसतं काळं. वळण कुठे सुरू होतं ते कळत नाही आणि आपण थेट भिंतीत. मग रिमोट घेऊन ब्राइटनेस वाढवायचा, तर सगळा ट्रॅक धुरकट.

खरंतर गेम सुरू होतानाच बऱ्याचदा एक स्क्रीन येते. काळ्यावर एक पुसट चिन्ह असतं आणि ते जेमतेम दिसेल इतपत पट्टी सरकवा असं सांगितलेलं असतं. आपण वाचत नाही, बटण दाबून पुढे जातो.

पण हे जेमतेम दिसणं मोजता येतं, ही गोष्ट पक्की केली गुस्ताव फेखनर नावाच्या जर्मन माणसाने. तेव्हा टीव्ही सोडा, घरात विजेचा दिवाही नव्हता.

फेखनरचा जन्म १९ एप्रिल १८०१ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या एका छोट्या गावातला. वडील पाद्री होते, पण पोरगा पाच वर्षांचा असतानाच ते गेले. सोळाव्या वर्षी तो लाइपझिगला डॉक्टर व्हायला आला आणि तिथलाच झाला. डॉक्टरकी मात्र केली नाही. त्या काळात आयोडीन म्हणजे सगळ्या रोगांवर औषध असा गाजावाजा होता, तर याने डॉ. मिझेस या टोपणनावाने पुस्तिका काढून चंद्रच आयोडीनचा बनलाय हे सिद्ध करून दाखवलं. थोडक्यात, ट्रोलिंग त्याला चांगलं जमायचं.

विनोदाने पोट भरत नाही. पैशासाठी त्याने फ्रेंच विज्ञानग्रंथांची हजारो पानं भाषांतरित केली. १८३३ मध्ये क्लाराशी लग्न झालं, १८३४ मध्ये भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच सुमारास आठ खंडांचा घरगुती ज्ञानकोशही अंगावर घेतला आणि त्यातला बराचसा स्वतःच लिहिला. माणूस आतून पिळून निघाला होता.

तशात त्याला डोळ्यांच्या प्रयोगांचा नाद लागला. तेजस्वी वस्तूकडे पाहून नजर हटवली तरी तिची प्रतिमा काही वेळ तरंगत राहते, त्याचा अभ्यास. त्यासाठी तो रंगीत काचांमधून सूर्याकडे पाहत बसायचा. (हे कोणीही करून पाहू नये.)

१८४० च्या सुमारास डोळ्यांनी साथ सोडली. उजेड सहन होईना. नोकरी गेली. काळ्या रंगाच्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून तो दिवस काढू लागला. वाचन बंद, लेखन बंद, पुढे जेवणही जाईना. मग ओळखीतल्या एका बाईंना स्वप्नात एक पदार्थ दिसला: कच्चं हॅम, ऱ्हाइन वाइन आणि लिंबाचा रस. त्यांनी तो करून पाठवला आणि गंमत म्हणजे त्याला तो पचला. १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये तो पट्टी काढून बागेत आला, तेव्हा फुलं त्याला आतून उजळल्यासारखी दिसली. पुढे वनस्पतींनाही आत्मा असतो यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं.

आता मुद्द्याची तारीख, २२ ऑक्टोबर १८५०. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्याला सुचलं की मनाला जाणवणारी गोष्ट आणि बाहेरची गोष्ट यांचं नातं गणितात मांडता येईल. लाइपझिगच्याच वेबरने आधी दाखवलं होतं की वजनातला फरक हाताला कळतो तो प्रमाणात. फेखनरने तेच उजेडाला लावलं. एक मेणबत्ती असताना दुसरी लावली तर खोली बदलते, शंभर असताना आणखी एक लावली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे उजेड पटीने वाढतो, तेव्हा जाणीव एकेक पायरी चढते.

त्याचा एक साधा प्रयोग मला फार आवडतो. त्याने आकाशात असे दोन ढग शोधले, ज्यांच्या छटांतला फरक जेमतेम कळत होता. मग डोळ्यांपुढे राखाडी काच धरली. उजेड घटला, तरी फरक तसाच दिसत राहिला. दोन्ही ढग एकाच पटीत मंद झाले होते, प्रमाण बदललं नव्हतं.

आता बोगद्यात परत या. टीव्हीचा बॅकलाइट वाढवणं म्हणजे ती काच काढणं. रस्ता आणि भिंत दोन्ही एकाच पटीत उजळतात, फरक जवळपास तेवढाच राहतो. बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस नावाचं सेटिंग तर फक्त काळ्याची पातळी वर-खाली करतं, म्हणून चित्र धुरकट होतं. सावल्यांमधलं प्रमाण बदलतो तो गॅमा. आकड्यात असेल तर २.४ वरून २.२ केला की सावलीतल्या छटा वर येतात. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर तो रस्त्यात आणि भिंतीत सारखाच मिसळतो आणि फरक गिळतो, त्यामुळे आधी पडदा ओढा. आणि कन्सोलवर रंगांची रेंज फुल, टीव्हीवर लिमिटेड अशी गल्लत असेल तर सगळ्यात गडद छटा एकच काळ्या होतात. तिथे कुठलीही पट्टी कामाची नाही. हे तपासून झालं की मग ते पुसट चिन्ह जेमतेम दिसेपर्यंत पट्टी सरकवा.

१८६० मध्ये फेखनरचा दोन खंडांचा ग्रंथ आला आणि सायकोफिजिक्स हे शास्त्र उभं राहिलं. त्याचं सूत्र सगळीकडे लागू पडत नाही. फार मंद उजेडात ते ढासळतं हे त्यालाही ठाऊक होतं, आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या स्टीव्हन्सने वेगळं सूत्र मांडलं. पण जेमतेम कळणारा फरक मोजायच्या त्याच्या पद्धती आजही प्रयोगशाळांत वापरतात.

१८ नोव्हेंबर १८८७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी तो लाइपझिगमध्येच गेला. या विषयातले लोक आजही २२ ऑक्टोबर हा फेखनर दिवस म्हणून पाळतात.