खुर्चीखाली चप्पल नव्हे, चित्र! सम्राटालाही चकवणारा होखस्ट्रातेन कोण होता?

दाराआड खिळ्याला खारवलेला मासा, खुर्चीखाली चप्पल. डच चित्रकार सॅम्युएल व्हान होखस्ट्रातेनच्या घरातल्या या वस्तू म्हणजे चक्क चित्रं होती, अशी नोंद त्याचा शिष्य हाउब्राकेन यानं केली आहे.

१६२७ मध्ये डॉर्ड्रेख्त शहरात जन्मलेला सॅम्युएल रेम्ब्रांटकडे शिकला. १६५१ मध्ये व्हिएन्नात त्याचं स्थिरचित्र पाहून सम्राट तिसरा फर्डिनांड फसला आणि त्यानं सॅम्युएलला सोन्याची साखळी बक्षीस दिली.

घरातली युक्ती साधी होती. फळी किंवा कॅनव्हास वस्तूच्याच आकारात कापायचा आणि ती वस्तू एरवी जिथे असते, तिथेच ठेवायचा. चौकट दिसली की नजर सावध होते. इथे चौकटच नव्हती.

१६७८ मध्ये त्याचं निधन झालं. चित्र कसं काढलं याइतकंच ते कुठे लावलं हेही महत्त्वाचं, हे त्याच्या घरानं दाखवून दिलं.