उष्णतेला न बधणारी तार

बँकेत सोनेतारणाचे काम पाहताना एक गोष्ट शिकलो. दागिना काट्यावर ठेवण्याआधी काटा तपासून घ्यावा. एडवर्ड वेस्टन यांनी आयुष्याचा मोठा भाग असा काटा तपासण्यातच घालवला. फरक एवढाच, की त्यांचा काटा विजेचा होता.

वेस्टन यांचा जन्म १८५०चा, इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्रीचा. मुलाने डॉक्टर व्हावे ही आईवडिलांची इच्छा. त्याने वैद्यकाचा अभ्यास केलाही. पण जीव रमला रसायनांत आणि विजेत. १८७० साली हा विशीतला तरुण न्यूयॉर्कला गेला. तिथे निकेलचा मुलामा देण्याचे काम करता करता तो डायनॅमोकडे वळला आणि १८७७ साली नेवार्कला त्याचा कारखाना उभा राहिला.

वीज तयार होऊ लागली, पण ती मोजायची कशी? मोजणाऱ्या यंत्रातली तांब्याची तार तापली, की तिचा विरोध वाढे आणि आकडा बदले. उन्हाळ्यात एक हिशेब, हिवाळ्यात दुसरा! वेस्टन मिश्रधातूंच्या मागे लागले. १८८७च्या सुमारास तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणातून त्यांना हवी ती तार मिळाली. ती तापवली तरी तिचा विरोध जवळजवळ तेवढाच राही. जर्मन कारखानदारांनी तिला नाव दिले कॉन्स्टंटन. वेस्टन यांचे नाव मागेच राहिले. तांबे, मँगनीज आणि निकेल यांचे मँगनिनही त्यांचेच.

गंमत पुढेच आहे. कॉन्स्टंटनची तार लोखंडाच्या तारेला दोन्ही टोकांशी जोडली, एक सांधा तापवला आणि दुसरा थंड ठेवला, की किंचित वीज वाहू लागते. त्या विजेवरून भट्टीचे तापमान कळते. उष्णतेला दाद देत नाही म्हणून निवडलेली तारच उष्णता मोजायच्या कामी आली! कारखान्यांत ती आजही हे काम करते.

१८९३ साली वेस्टन यांनी विजेचा दाब ताडून पाहण्यासाठी एक अचूक घट बनवला. ३००हून अधिक पेटंटे घेणारा हा व्यवहारी माणूस; पण हा घट जगाचे माप ठरला, तेव्हा त्यावरचा हक्क त्यांनी सोडून दिला. १९११पासून १९९०पर्यंत जगाने विजेचा दाब त्याच मापाने जोखला.

वेस्टन १९३६ साली गेले. दुकान वाण्याचे असते, माप मात्र गावाचे असावे लागते. हे त्यांना कळले होते.